हला की जरा!

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्या रविवारी मी गेलो होतो मोरीतल्या नळाचे वायसर आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हेतू शुद्ध होता की नव्हता यावर घरात अजून एकमत नाही. वायसर मी आणले. दहा रुपयांना चार. सोबत एक सिनेमाचा कॅमेरा आला, इतकंच.

जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या वस्तूंची आपापसात काही ओळखदेख नसते. किल्ली हरवलेलं कुलूप, त्याला टेकून पितळी अडकित्ता, अडकित्त्याखाली कुणाच्या तरी बारशाचा अल्बम आणि त्यावर तीन चार्जर एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेले. त्या गर्दीत मला एक मूठ दिसली, पिस्तुलाला असते तशी, घडीची. मला वाटलं केस वाळवायचं यंत्र. हिचं मागच्याच महिन्यात बिघडलं होतं म्हणून उचलून पाहिलं (इथेही हेतू शुद्धच), तर पुढे हे एवढं भिंग.

"पिच्चरचा क्यामेरा हाय साहेब," ताडपत्रीवाला म्हणाला. "शोले ह्याच्यावरच काढलाय. दोन हजार."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही हे कळल्यावर गप्प बसलेला माणूस मी पुण्यात तरी पाहिलेला नाही. मी त्याला सांगितलं, की 'शोले' ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर काढला आणि मोठा करून ७० मिलिमीटरवर छापला. हा कॅमेरा सुपर एटचा. याची फिल्म ८ मिलिमीटर रुंद, म्हणजे बुटाची नाडी. कोडॅकने हा प्रकार १९६५ साली आणला तोच मुळी घरगुती हौशी लोकांसाठी. फिल्म प्लास्टिकच्या डबीत गुंडाळलेलीच येते. डबी खोबणीत बसवायची, झाकण लावायचं, चाप ओढायचा. त्याआधी असं नव्हतं. १६ मिलिमीटरची पट्टी अर्ध्या रुंदीत वापरायची, मग सावलीत बसून रीळ उलटं घालायचं आणि उरलेल्या अर्ध्यात पुढचं काढायचं. आता लग्नघरात रीळ उलटं केलं की नाही हे कुणाच्या लक्षात राहणार? राहिलं नाही की सप्तपदीवरच जिलबीची पंगत उमटायची. ही भानगड या डबीने मिटवली. आणि हे जे '८१४' लिहिलंय ना, त्यातला ८ म्हणजे आठपट झूम आणि १४ म्हणजे भिंगाचं तोंड १.४ पर्यंत उघडतं. कॅननचा कॅमेरा आहे हा, १९६७चा.

ताडपत्रीवाल्याने सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे साहेबांना पाहिजेलच हाय. तीन हजार द्या."

घेण्याआधी चालवून पाहावं एवढी अक्कल मला होती. शेजारच्या बॅटरीवाल्याकडून चार पेन्सिल सेल घेतले, मुठीत भरले आणि चाप ओढला. घर्रर्र. शिवणयंत्र आणि अंगावर झोपलेलं मांजर यांच्या मधला कुठलातरी आवाज. जुन्या बाजारात एखादी वस्तू चालू निघाली की तिथे गर्दी जमते, तशी जमली. त्यातला एक पैलवानी गडी समोर येऊन उभा राहिला.

"काढा एक आपला."

"फिल्म नाहीये यात."

"नसू द्या. काढा तरी."

त्याने छाती भरून घेतली, मिशीवरून बोट फिरवलं आणि श्वास रोखला. मी चाप ओढला. दहा सेकंद झाली, वीस झाली. माणूस पापणी हलवेना. शेवटी त्याचा चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा मी चाप सोडला.

"आला का चांगला?"

"उत्तम आला," मी म्हणालो.

पुढे काय होणार याची खूण तिथेच होती. मला ती कळली नाही. पाऊण तास घासाघीस करून मी भाव पुन्हा दोन हजारांवर आणला आणि हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात घरी आलो.

हिने आधी वायसर मागून घेतले, मोजले, आणि मग विचारलं, "हे काय?"

अशा वेळी इतिहासाचा आधार घ्यावा. मी सांगितलं, की कॅमेऱ्यापायी घरदार पणाला लावणं ही मराठी माणसाची जुनी परंपरा आहे. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत वॉटसन हॉटेलात १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली, ती पाहिली आणि या गृहस्थाने थेट लंडनहून कॅमेरा मागवला. २१ गिनी मोजून! आणि १८९९ साली त्यावर काढलं काय, तर हँगिंग गार्डनमधली कुस्ती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर विकत घेण्याच्या भानगडीत न पडता कॅमेरा घरीच तयार केला. आणि फाळके? विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले आणि पहिलं काय केलं असेल? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा पुढ्यात मांडून रोज थोडं थोडं चित्रण, महिनाभर. मग तो वाटाणा पडद्यावर भराभर उगवताना लोकांनी पाहिला आणि भांडवल मिळालं.

"झालं?" ही म्हणाली. "मग सरस्वतीबाईंचंही सांगा की. दागिने त्यांचे गेले. रात्र रात्र अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं त्यांनी पाडली. वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक. तुम्ही धडा अर्धाच वाचलाय. आणि त्यांच्या मोरीतला नळ बहुतेक गळत नसावा."

इतिहास शिकलेली बायको करू नये.

रात्री सगळे झोपल्यावर मी भिंगाच्या एका बाजूने विजेरी धरली आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला. जुनं भिंग असंच तपासतात. वरवर काचेसारखी काच दिसते, पण उजेड आरपार गेला की आतलं सगळं उघड होतं. आत कडेकडेने पांढुरकं जाळं पसरलेलं होतं, बारीक कोळ्याने विणावं तसं. बुरशी! आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, बंद कपाटात, कातडी पिशवीत राहिलेल्या कॅमेऱ्याला हा आजार होतोच होतो. कातडी पिशवी फार वाईट. ती ओल धरून ठेवते. लोकांना वाटतं आपण कॅमेऱ्याला दुलईत ठेवलंय.

सकाळी आईला सांगितलं. आईचं वय ८२. तिने भिंगात पाहिलं, नाक मुरडलं आणि निदान केलं, "लोणच्याला येते तीच ही. ऊन दाखव."

चैत्र संपत आला होता. गच्चीवर उडदाचे पापड, कुरडया आणि बटाट्याचा कीस पसरलेला होता. त्याच चादरीच्या एका कोपऱ्यात १९६७चा जपानी कॅमेरा चार दिवस पडून होता, वर मलमलचं फडकं, हातात काठी घेऊन राखणीला आई. उन्हाने बुरशी वाढायची थांबते हे खरं आहे. उठलेला डाग मात्र जात नाही. आमचा गेला नाही. पण तो भिंगाच्या कडेला आहे, मध्यावर नाही, आणि चित्राला त्याने फारसं बिघडत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. चार दिवसांनी कॅमेऱ्याला हिंगाचा वास यायला लागला होता. तो अजून येतो.

मग उघडकीला आली खरी गोम. कॅमेऱ्याची मोटर पेन्सिल सेलवर चालते, पण उजेड मोजणारा जो काटा आत असतो त्याला वेगळे दोन गोल सेल लागतात. आणि ते पाऱ्याचे. १.३५ व्होल्टचे. पारा विषारी म्हणून असे सेल जगभर बंद झाले त्याला कितीतरी वर्षं झाली. आजचे गोल सेल दीड व्होल्टचे. ते घातले तर काटा चालतो, पण खोटं बोलतो. मेलेला काटा एक वेळ परवडला, खोटं बोलणारा नको. त्यावर फिल्मचा खर्च लावायचा असतो.

यावरचा उपाय मला तळमजल्यावरच्या काकांनी सांगितला. काकांचं आयुष्य एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेलं. त्यामुळे त्यांना दिवसाउजेडी कुणी फारसं ओळखत नाही, पण माणूस जाणकार. म्हणाले, "कानाच्या मशीनचा सेल घाला. निळ्या स्टिकरचा, मोठा. जस्त आणि हवेवर चालतो, १.४ व्होल्ट. पाऱ्याच्या एकदम जवळ."

त्या सेलची गंमत अशी, की त्याला बारीक भोकं असतात आणि त्यांवर स्टिकर. स्टिकर काढला की तो हवा खाऊन जागा होतो, मग वापरा नाहीतर ठेवा, काही आठवड्यांत संपतो. पुन्हा झोपवता येत नाही. घरात असे सेल होते. आईच्या दोन्ही कानांना मशीन आहे आणि दोन्हींत निळ्या स्टिकरचेच सेल लागतात. रविवार होता. दुकान बंद. आईच्या पाकिटातले जादा सेल संपलेले. राहिले होते ते दोनच, आणि ते आईच्या कानांत होते.

मी विषय काढला. आईने दोन्ही मशिनं काढली, सेल माझ्या तळहातावर ठेवले. "घे. तुझा तो काका येणारच असेल ना वर? मग मला तसंही ऐकायचं नाहीये." आणि जरा थांबून, "माझे कान काढून त्याचे डोळे केलेस रे."

हा सेल जुन्या सेलपेक्षा अंगाने बारीक असतो, त्यामुळे खोबणीत खुळखुळतो. त्याच्याभोवती काहीतरी गोल, मऊ, मधे भोक असलेलं घालावं लागतं. असं काय असतं घरात? मी ब्लेडने आतून-बाहेरून कोरून दोन वायसर बरोब्बर मापाचे केले. खाली चॉकलेटची चांदी घडी करून घातली. झाकण फिरवलं, डोळा लावला. आणि इतकी वर्षं मरून पडलेला काटा थरथरला, खिडकीकडे वळलो तर एका बाजूला गेला, गॅसच्या ओट्याकडे वळलो तर दुसऱ्या बाजूला. मला भरून आलं. ही मोरीच्या दारात उभी राहून नळाकडे बघत होती.

फिल्म अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याने आणली. एकच डबी, कृष्णधवल. विमानतळावर ती क्ष-किरणांतून जाऊ नये म्हणून त्याने तिथल्या माणसाशी वाद घातला म्हणे, आणि तो वाद त्याने मला तासभर साभिनय ऐकवला. डबीचे, पोस्टाचे आणि बहुधा त्या वादाचेही धरून त्याने ३६०० रुपये सांगितले. "मामा, तुझ्याकडून मी नफा घेणार का?"

आता हिशेब बघा. डबीत फिल्म असते ५० फूट. एका फुटात ७२ चित्रं. म्हणजे एकूण चित्रं ३६००. रुपयाला एक! सेकंदाला १८ चित्रं या नेहमीच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. सेकंदाला अठरा रुपये. मी आयुष्यभर रिक्षाच्या मीटरला नावं ठेवत आलो, पण रिक्षा एवढी धावताना कधी पाहिली नव्हती, आणि सिग्नलला उभी असताना निदान माणूस तिला शिव्या देऊ शकतो. इथे चाप माझ्याच बोटाखाली.

मोबाइलवर माझी मुलगी आमच्या मांजराचं चाळीस मिनिटांचं चित्रण करते, ज्यात मांजर झोपलेलं असतं. मी मात्र कागदावर आखणी केली. आई अकरा सेकंद. ही दहा (मग बदलून अकरा). मुलगी दहा. काका सहा. पहारेकरी, त्याने मागितली म्हणून, पाच. गच्चीवरून दिसणारी पर्वती आठ. पर्वती कुठे जात नाही म्हणून ती शेवटी. असं करत करत दोनशे सेकंदांत मी अख्खं कुटुंब, सोसायटी आणि शहराचा काही भाग बसवला. अर्थमंत्र्यांना अर्थसंकल्पात इतकी ओढाताण होत नसेल.

त्याच रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांना गच्चीत बोलावलं. पहिली मुलगी. तिला म्हटलं, जिन्याच्या दारातून ये, वाळवणाला वळसा घाल आणि माझ्याकडे बघून हस. ती दारातून आली, चादरीजवळ उभी राहिली, दोन बोटं वर केली, मान तिरकी केली आणि गोठली.

"अगं, चाल!"

"बाबा, काढा ना पटकन."

अठरा, छत्तीस, चोपन्न, बहात्तर. "हला की जरा! हा सिनेमा आहे!"

मी चाप सोडला. घर्रर्र थांबली. थांबल्याबरोबर ती हसली, केस मागे टाकले, माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "बघू कसा आलाय?"

काकांनी तर कमाल केली. त्यांना म्हटलं, तुम्ही सुपारी कातरता तसे कातरत बसा. चाळीस वर्षं लोकांना "हलू नका" सांगितलेला माणूस! त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि ती तशीच धरून ठेवली. हनुवटी किंचित खाली, नजर भिंगाच्या दोन बोटं वर. मी म्हटलं, काका, कातरा. ते ओठ न हलवता म्हणाले, "आधी तुमचं होऊ द्या." पहारेकऱ्याने सलाम ठोकला आणि मी पाच सेकंद पुरी होऊन पर्वतीकडे वळलो तरी त्याचा हात कपाळालाच होता. सव्वाशे वर्षं झाली हलती चित्रं येऊन. पण समोर काचेचा डोळा आला की आपण श्वास रोखतो तो रोखतोच. लग्नाच्या व्हिडिओत नाही का, पंगतीतला माणूस दिव्याचा झोत आला की घास हातात धरून थांबतो?

हिला मी काहीच सांगितलं नाही. ती पदर सारखा करून उभी राहिली. मी चाप ओढला. अकरा सेकंदांपैकी दहा सेकंद ती माझ्याकडे स्थिर बघत होती. त्या बघण्यात नळाचा विषय होता.

हलली ती एकटी आई. ती गच्चीत आलीच नाही, गुडघे दुखतात. तिचं चित्रण खाली, स्वयंपाकघराच्या दारात, खुर्चीवर. भर दुपारचा उजेड खिडकीतून येत होता, काटा म्हणत होता भिंग पूर्ण उघड, मी उघडलं. चाप ओढला आणि आई बोलायला लागली. हात हलवत, मान डोलवत, मधेच माझ्यामागे कुठेतरी बोट दाखवत. कॅमेऱ्याची घर्रर्र माझ्या कानाला चिकटलेली, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण मी खूश होतो. मी दुसऱ्या हाताने तिला खूण करत राहिलो, छान, छान, चालू दे.

संध्याकाळी डबी काढून पाहिली. डबीच्या खिडकीतल्या फिल्मवर छापलेला शब्द दिसला: 'एक्स्पोज्ड'. फिल्म शेवटपर्यंत सरकली याचा हाच पुरावा. मुलीने वाचला आणि भाषांतर केलं, "उघडे पडलो."

आता फिल्म धुवायची कुठे? परदेशी पाठवायची तर जायचा-यायचा खर्च डबीच्या वर. काका म्हणाले, "घरी धुऊ. कॉफीत."

मला वाटलं म्हातारपण. पण कॉफीने फिल्म धुतात हे खरं आहे. एका लिटरला ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि १६ ग्रॅम क जीवनसत्त्व. काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफेइक आम्ल करतं, आणि ते हलक्या कॉफीत जास्त. म्हणून कॉफी जितकी स्वस्त आणि बेचव तितकी फिल्मला चांगली. घरातली कॉफी चांगली निघाली; बाहेरून वाईट आणावी लागली. क जीवनसत्त्वासाठी संत्र्याच्या चवीच्या अर्ध्या ग्रॅमच्या ३२ गोळ्या आणल्या. औषधवाल्याने विचारलं, घरात कुणाला काय झालंय. खलबत्त्यात त्या कुटल्या. मग हायपो पाहिजे, उमटलेलं चित्र पक्कं करायला. तो कुठे मिळणार? काका म्हणाले, "मासेवाल्याकडे." पाण्यातला क्लोरिन मारायला मत्स्यालयवाले हायपोचेच खडे वापरतात, पण चिमूटभर. मी पाव पाव किलोच्या दोन पिशव्या मागितल्या.

"केवढा टँक आहे?" दुकानदार डोळे विस्फारून म्हणाला.

"टँक नाही. बादली."

"आणि मासे कुठले?"

"मासे नाहीत."

त्याने पैसे घेतले, पण सुटे देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री साडेदहाला मोरीच्या खिडकीला सतरंजी ठोकली, दाराच्या फटीत गोधडी कोंबली आणि काका आणि मी आत शिरलो. अंधार असा, की माझाच हात कुठे आहे हे मला आठवून काढावं लागत होतं. डबी पकडीने फोडली. आतून पंधरा मीटर नाडी सळसळत बाहेर आली आणि माझ्या मनगटात, काकांच्या चष्म्यात, नळात अडकत बादलीत गेली. कॉफी, सोडा आणि संत्रं एकत्र झाल्यावर येणारा वास मी वर्णन करणार नाही. ज्यांनी पावसाळ्यात भिजलेल्या कुत्र्याशेजारी बसून उपासाचं सरबत प्यायलंय त्यांना कल्पना येईल. पंधरा मिनिटं हाताने ढवळत राहायचं. दहाव्या मिनिटाला दारावर थाप. आई. "अरे, किती वेळ?" मी म्हटलं, पाच मिनिटं. तिला ऐकू गेलं नाही. मग थापा वाढत गेल्या आणि काकांनी अंधारात, मला न दिसणाऱ्या कुठल्यातरी दिशेला बघून, चाळीस वर्षांत आपल्या डार्करूमचं दार असं कुणी वाजवलं नव्हतं असं सांगितलं.

हायपोनंतर फिल्म तासभर वाहत्या पाण्यात ठेवावी लागते. पाणी बेताने वाहणारं हवं, जोराने नाही, एकसारखं. काका चिंतेत पडले. मी त्यांना नळाकडे नेलं. न सोडता, न बंद करता, गेले दोन महिने अखंड गळणारा आमचा नळ. काकांनी धारेखाली बोट धरून पाहिलं आणि म्हणाले, "वा! याला हात लावू नका."

हिला मी सकाळी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काकांचं नाव घेऊन सांगितलं.

पंधरा मीटर फिल्म वाळवायला वलणी पुरली नाही. दिवाणखान्यात पंख्यापासून देव्हाऱ्यापर्यंत आणि तिथून परत अशा सात येरझाऱ्या झाल्या. एक चित्र ६ मिलिमीटर रुंद आणि ४ उंच, तांदळाचा मोठा दाणा म्हणा. आणि उलटं, म्हणजे काळं ते पांढरं. खिडकीशी भिंग घेऊन पाहिलं तर पांढऱ्या केसांची मुलगी आणि काळ्या केसांची आई. पण होतं! सगळं होतं! काका अडकित्ता धरून. शेजारच्या दाण्यात काका अडकित्ता धरून. त्याच्या पुढच्यात काका अडकित्ता धरून. एकशे आठ चित्रं, सगळी एक. पहारेकऱ्याचे नव्वद सलाम. तुम्ही फिल्म कुठेही तोडून चौकटीत घातलीत तरी चालेल. पाहणाऱ्याला वाटावं मी एकच फोटो काढला आणि ३६०० रुपयांच्या प्रती केल्या.

आईचा तुकडा तेवढा प्रत्येक दाण्यात वेगळा. मुलीने तो मनावर घेतला. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर फिल्म ठेवून, दुसऱ्या मोबाइलने एकेक चित्र टिपून, उलट्याचं सुलट करून तिने ते जोडलं. अकरा सेकंद म्हणजे १९८ चित्रं. दोन दिवस गेले, एक डोळा आला. बुधवारी रात्री आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो.

आई दारात बसलेली. कडेला बुरशीचा धुकट डाग, वर एक ओरखडा पावसासारखा. ती बोलते, हात हलवते, मागे बोट दाखवते. आवाज नाहीच. पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. मुलगी म्हणाली, आजी म्हणतेय "किती छान दिसतोस". मला ते पटलं. ही म्हणाली, "शक्य नाही." काका ओठांवरून वाचत होते, त्यांच्या मते पहिला शब्द 'काका' होता आणि पुढचं सांगण्यासारखं नव्हतं.

आईला बोलावलं. तिने कानांत नवे सेल घातले होते, मुक्या चित्रपटासाठी. एकदाच पाहिलं.

"अरे, 'शिट्ट्या किती झाल्या' म्हणून विचारतेय मी तुला," ती म्हणाली. "तीनदा विचारलं. माझे कान तुझ्या यंत्रात, मला कुठली ऐकू येणार? तू आपला 'छान छान' करतोयस."

सहा की सात झाल्या असाव्यात. त्या रविवारी आम्ही भात ताकाशी खाल्ला. कुकरची रिंगही गेली होती. ती मी येताना जुन्या बाजारातून आणतो म्हटलं, तर हिने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच आणली.